जुनी सायकल : नवी नको, चालती करा

या सदरात आजवर आपण समया उजळल्या, शिवणयंत्रांना तेल घातलं, कपाटांची वाळवी काढली. आज मात्र सायकलविषयी बोलणार आहे, आणि तीही फ्रान्समधल्या. "अगं बाई, हिला झालंय तरी काय!" असं म्हणाल. पण थोडं थांबा. फ्रेंच सायकल तुमच्या घरी नसेल. जुनी वस्तू नीट करताना हात कुठे थांबवायचा, हा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांच्याच घरी असतो. मला तो नीटसा कळला तो परदेशातल्या एका तळघरात, आणि तोही हातून चूक झाल्यावर.

झालं असं, की लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने सँत-एतिएन या गावी होते. हे गाव पूर्वी रिबिनी, बंदुका आणि सायकली या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध. तिथल्या म्युझियममध्ये या तिन्ही आजही मांडून ठेवल्या आहेत. नातू दुपारी झोपला, की मला काम उरत नसे. अशातच इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या मादामशी ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढचं, पाठ ताठ, केस नेहमी नीट विंचरलेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या आता मुलाकडे राहायला जाणार होत्या आणि महिनाअखेर तळघर रिकामं करून द्यायचं होतं. त्या तळघरात नवऱ्याच्या दोन सायकली होत्या.

एक रस्त्यावरच्या शर्यतीची, पांढऱ्या रंगाची प्यूजो, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. दुसरी त्याहून जुनी, व्हेलोड्रोमवरची. व्हेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीची गोल, कडांना उंच चढवलेली धावपट्टी. मादामची एकोणीस वर्षांची नात ल्योंला शिकते. तिला पांढरी सायकल चालवायला हवी होती. मी लेकीला म्हटलं, "सांग त्यांना, माझ्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. मला पाने द्या, मी बघते."

प्यूजो म्हटलं की आपल्याला मोटार आठवते. पण गंमत ऐका, या घराण्याचा धंदा आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा. करवती आणि स्प्रिंगांचं पोलाद बनवता बनवता त्यांनी १८४० साली कॉफी दळायचं यंत्र काढलं, १८७४ साली मिरी दळायचं, आणि १८८२ साली पहिली सायकल. बायकांचे फुगीर घागरे ताठ राहावेत म्हणून आत घालायच्या पोलादी कड्याही त्यांनी बनवल्या. मादामच्या ओट्यावर त्यांचंच मिरीयंत्र होतं. मला तर लगेच घरच्यासारखं वाटलं!

माझ्या हातून झालं ते

नातीचा बेत ठरलेला होता. जुना रंग खरवडून काढायचा आणि सायकल पिवळीधमक करून घ्यायची. रंगवणाऱ्याकडे दिवसही ठरवला होता. मला म्हणाली, "तुम्ही फक्त घाण काढा, रंग जाणारच आहे." मग काय, मी आपली पदर खोचून बसले. घराच्या सवयीने तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेतली आणि वरच्या आडव्या नळीवर चांगला हात चालवला. काळं निघालं, खाली पांढरं दिसायला लागलं. मला बरं वाटत होतं.

एवढ्यात मादाम कॉफी घेऊन खाली आल्या. कप ठेवला, चष्मा लावला आणि नळीजवळ वाकल्या. मी घासत होते तिथे निळ्या रंगात, हाताने, बारीक अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. त्यातली पहिली दोन अक्षरं माझ्या घासणीने गेली होती. मादाम हळू आवाजात काहीतरी बोलल्या. लेकीने सांगितलं, "आई, त्या म्हणतायत, मुलगा झाला त्या हिवाळ्यात त्यांच्या नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे नाव लिहिलं होतं." रागावल्या नाहीत. कॉफी घ्या म्हणाल्या. उरलेल्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि वर गेल्या.

मैत्रिणींनो, खरं सांगते, ती कॉफी माझ्या घशाखाली उतरेना. मला आमच्या सासूबाई आठवल्या. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा घरात एक मोठं पितळी पातेलं होतं. त्याच्या काठावर सासूबाईंच्या वडिलांचं नाव आणि त्यांच्या लग्नाची तारीख घातलेली होती. मला त्या वेळी स्टीलच्या डब्यांचं वेड. एका दुपारी मी ते पातेलं मोडीत घातलं आणि डब्यांचा संच घेतला. संध्याकाळी सासूबाईंनी फळीकडे पाहिलं, डबे पाहिले. "छान आहेत हो," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला बसल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. आता त्या नाहीत.

नात तळघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. त्याच संध्याकाळी तिने रंगवणाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघींनी एक नियम ठरवला, आणि तोच आजच्या लेखाचा गाभा आहे: जे परत पहिल्यासारखं करता येईल, तेवढंच बदलायचं. चाक बदलता येतं, सीट बदलता येतं, हँडल बदलता येतं. जुनं ठेवून दिलं की पुन्हा बसवता येतं. पण खरवडलेला रंग, पाडलेलं भोक, घासलेलं नाव परत येत नाही.

धुणं-पुसणं

आधी धुण्याची रीत सांगते, म्हणजे माझी चूक तुम्ही करणार नाही. कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा. आधी फ्रेमच्या पोटाखाली, सहज दिसणार नाही अशा जागी बोटभर पुसून बघायचं. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबायचं. रॉकेल, थिनर, पावडर, घासणी यांतलं काही रंगाजवळ न्यायचं नाही. कंपनीची नावं, चिन्हं ही पातळ पापुद्र्यासारखी चिकटवलेली असतात आणि पन्नास वर्षांनी ती इतकी ठिसूळ होतात, की नखानेही सुटतात. पुसून कोरडं झालं की मोटारीला लावतात तसलं मेण हलक्या हाताने लावायचं. ओरखडे राहतात, राहू द्यावेत. त्या ओरखड्यांवर गंज असला तर तो थांबवण्यापुरतं मेण पुरतं.

चमकत्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर सोपी युक्ती आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या, पाण्यात बुडवा आणि हलकेच चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत आणि गंज निघतो.

आट्यांची भानगड

आता सुटं करणं. इथे मिरजेची विद्या कामाला आली, आणि फसलीही! आपल्याकडच्या सायकली इंग्रजी मापाच्या. वडील नेहमी सांगत, "बी.बी.चा उजवा कप उलट्या आट्यांचा." म्हणजे पायडलचा दांडा ज्या छर्ऱ्यांवर फिरतो, त्यांचा उजवीकडचा कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. मी तेच करत बसले. कप हलेना. हलणार कसा? जुन्या फ्रेंच सायकलींत बहुधा दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात, म्हणजे मी तो सोडवत नव्हते, आवळत होते! त्यातही काही फ्रेंच सायकलींत स्विस पद्धतीचा उलटा उजवा कप सापडतो. म्हणून शहाणपण एवढंच, की डावा कप काढायचा, दांडा आणि छर्रे बाहेर घ्यायचे, आणि उजवा कप चांगला असेल तर जागच्या जागी आतून पुसून घ्यायचा. काढायचाच नाही.

फ्रेंच मापं सगळीच थोडी थोडी वेगळी. बी.बी. कप ३५ मिलिमीटरचा, त्याचा आटा १ मिलिमीटरचा. पायडलचा आटा १४ मिलिमीटरचा. इंग्रजी पायडल ९/१६ इंची, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरने जाड. डोळ्याला हा फरक दिसत नाही. नेमका म्हणूनच घात होतो. पायडल दोन फेरे आत जातं, मग अडतं, आपण पाना लावून जोर करतो आणि क्रँकचे आटे कायमचे जातात. हँडलचा उभा दांडा फ्रेंच सायकलीत २२ मिलिमीटरचा, इतरत्र २२.२ चा. आमच्या सायकलीची स्ट्राँगलाइटची क्रँक काढायलाही वेगळं हत्यार लागलं, २३.३५ मिलिमीटरचं. नेहमीचं २२ चं त्यात बसत नाही. १९८० नंतर हळूहळू फ्रेंच कारखान्यांनीही सगळ्या जगाची मापं घेतली. पण त्याआधीच्या सायकलीला हात लावताना एक वाक्य लक्षात ठेवा: हाताने जात नसेल तर पान्याने घालू नका.

पायडलवर डी आणि जी ही रोमन अक्षरं दिसतील. डी म्हणजे द्र्वात, उजवं. जी म्हणजे गोश, डावं. छर्रे काढताना प्रत्येक बाजूचे मोजून वेगळ्या वाटीत ठेवा. मागच्या चाकात बहुधा एकेका बाजूला पाव इंची नऊ असतात. जुने छर्रे पुन्हा घालू नयेत. नवे स्वस्त मिळतात.

कुठे जुन्याचा मोह नको

जिवाशी गाठ आहे तिथे मात्र भावना बाजूला ठेवायच्या. ब्रेकच्या तारा आणि रबरं नवीनच हवीत. मादामच्या सायकलीला माफाकचे ब्रेक होते, क्लेर्मों-फेराँ गावी बनलेले. उत्तम ब्रेक, पण दाबले की असे किंचाळतात की शेजारी जागे व्हावेत. त्यावर उपाय सोपा. रबर थोडं तिरकं बसवायचं, म्हणजे त्याची पुढची कड रिमला आधी टेकेल आणि मागची नंतर. आवाज जातो.

हँडल आणि त्याचा दांडा ॲल्युमिनियमचे असतील तर उजेडात धरून, भिंग लावून बघा. आमच्या दांड्याला केसाएवढी फट निघाली. तो लगेच बदलला. सांगायचं कारण, की हँडल चालत्या सायकलीवर तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

आपल्या सोयीचं करताना

नातीला सायकल आपल्यासारखी करून हवी होती, आणि त्यात काही वावगं नाही. आजोबांच्या पायात शर्यतीची ताकद होती. तिला पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन चढ चढायचा होता.

पहिली गोष्ट चाकांची. शर्यतीच्या सायकलींचे टायर त्या काळी शिवलेले असत. ट्यूब टायरच्या पोटात घालून खालून टाके घातलेले आणि सगळं गोंदाने रिमला चिकटवलेलं. पंक्चर झालं की टाके उसवा, ठिगळ लावा, पुन्हा शिवा, पुन्हा चिकटवा! शिवणकामाचा मला कंटाळा नाही, पण रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हे झेपणारं नव्हतं. म्हणून साध्या टायरची दुसरी चाकं घेतली. घेताना दोन आकडे पाहिले. टायरवर ६२२ हा आकडा हवा होता, आणि मागच्या चाकाची रुंदी १२० मिलिमीटर. हल्लीची चाकं १३० मिलिमीटरची किंवा त्याहून रुंद असतात. ती घालायला फ्रेम ताणावी लागते, आणि ते आमच्या नियमात बसत नव्हतं.

दुसरी गोष्ट गिअरची. मागचं सर्वांत मोठं चक्र २१ दातांचं होतं. नव्या चाकावर २६ दातांचं घेतलं, म्हणजे चढाला पाय हलके पडतात. नात सुरुवातीला लाजत होती. "आजोबा हसले असते," म्हणाली. पण याच गावात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होऊन गेले, १८५३ ते १९३० हा त्यांचा काळ. आधी रेशमाचा व्यापार, मग सायकलींचं दुकान आणि सायकलींचंच मासिक. शर्यतवाले गिअरना हसत असताना त्यांनी जन्मभर गिअरचा पुरस्कार केला. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे ते गेल्यावर सात वर्षांनी. तेव्हा चढावर हलका गिअर लावण्यात कमीपणा कसला?

गिअर बदलणारा मागचा हात सिम्प्लेक्सचा, दिजों गावचा. १९६०च्या दशकापासून त्यांनी हे हात प्लॅस्टिकचे काढले. दिसायला सुबक, हलके. पण वय झालं की त्यांना चिरा जातात. आमचाही चिरलेला होता. आजच्या बनावटीचा बसवायचा तर फ्रेमच्या कानाला नवे आटे पाडावे लागले असते. पुन्हा नियम आठवला. दोन रविवार जुन्या बाजारात हिंडलो आणि त्याच जातीचा धडका मिळवला. वेळ गेला, फ्रेम वाचली.

सीट बदललं, कारण बाईच्या शरीराला रुंद सीट लागतं आणि त्यात तडजोड करू नये. कातड्याचं जुनं सीट पाण्याने न धुता कोरडं पुसलं आणि खालच्या बाजूने मेण लावून ठेवलं. काढलेली प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून एका पेटीत गेली. उद्या नातीच्या मनात आलं, तर एका दुपारी सायकल आजोबांची होती तशी करता येईल.

दुसरी सायकल

आणि व्हेलोड्रोमची? तिला ब्रेक नाहीत, गिअर नाहीत, फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतं तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवायची सोय नाही. धावपट्टीवर ते ठीक, कारण तिथे कुणी अचानक ब्रेक मारत नाही. रस्त्यावर मात्र फ्रान्सच्या कायद्याने दोन ब्रेक लागतात. नातीचा एक मित्र म्हणाला, "चिमट्याला भोक पाडून ब्रेक बसवू, हल्ली फॅशन आहे." नात माझ्याकडे न बघताच नाही म्हणाली.

ती सायकल आम्ही फक्त पुसली, चेनला तेल दिलं. त्या वेळी मादाम बराच वेळ स्टुलावर बसून बोलत होत्या. लग्नानंतर दोघं पॅरिसला गेले होते, व्हँसेनच्या व्हेलोड्रोमवर. १९६८ ते १९७४ पर्यंत टूर द फ्रान्सची अखेर तिथे होत असे. उन्हात तीन तास बसून काही सेकंद शर्यत दिसली, म्हणाल्या, आणि नवऱ्याने आपली टोपी त्यांच्या डोक्यावर घातली होती. हे सांगताना पहिल्यांदाच त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं. ती सायकल त्यांनी मुलाच्या घरी आपल्या नव्या खोलीत भिंतीवर टांगून घेतली.

तळघर रिकामं झालं त्याच्या आदल्या रविवारी नात पांढरी सायकल घेऊन गावामागचा घाट चढून आली. घाटाची उंची ११६१ मीटर, आणि वर त्या पॉल द व्हिव्हींचं स्मारक आहे. परत आली तेव्हा चेहरा लाल झालेला. मादामनी फडकं घेतलं आणि धूळ पुसली, नळीवरच्या नावाजवळ आल्यावर अगदी सावकाश.

मी विचारलं होतं, गेलेली दोन अक्षरं कुणा चांगल्या रंगाऱ्याकडून लिहून घेऊ का? खर्च मी करते. मादामनी मान हलवली. "त्यांचं अक्षर नसेल ते," म्हणाल्या. तेव्हा ती जागा आहे तशीच आहे. नातीला त्या दोन अक्षरांची गोष्ट माहीत आहे, आणि त्यात माझंही नाव येतं. काय करणार!

तर मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळे साफ कराल, फळ्या उतरवाल. घासणी उचलण्यापूर्वी काठाकडे एकदा बघा, नाव घातलेलं असेल तर वाचा, आणि ते कुणाचं हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून ठेवा. विचारायला माणूस आहे तोवरच. मी सासूबाईंना विचारलं नव्हतं.

तुमच्याकडे अशी काही जुनी वस्तू असेल तर तिची हकिगत जरूर लिहून पाठवा. पुढच्या वेळी पावसाळ्यात दमट झालेल्या गाद्या आणि रजया.